किनाऱ्यावरून रीफच्या कड्यावर: भरतीला उतरावं की ओहोटीला?

बोटीवरून कड्यावर स्कूबा डाइव्हसाठी उतरणाऱ्याला हा प्रश्न फारसा पडत नाही. बोटवाला प्रवाह बघून सोडतो आणि जिथं वर याल तिथून उचलतो. किनाऱ्यावरून चालत शिरणाऱ्याला मात्र ज्या वाटेनं आत गेलो त्याच वाटेनं परत यायचं असतं, आणि तासाभरात ती वाट बदललेली असते. पाणी चढलेलं किंवा उतरलेलं असतं, त्याची ओढ फिरलेली असते. जिथं भरती-ओहोटीत दोन-तीन मीटरचा फरक पडतो अशा रीफवर, म्हणजे पाण्याखालच्या प्रवाळ-खडकावर, जायचं ठरलं, की किती खोल जायचं आणि किती वेळ राहायचं याच्या आधी एक गोष्ट ठरवावी लागते: भरतीचा स्लॅक (पाण्याची ओढ जवळपास थांबते ती वेळ) धरायचा की ओहोटीचा?

मी दोन्ही केलंय. एकाच कड्यावर, त्याच घळीतून, सुरुवातीची काही वर्षं भरतीला आणि आता बहुतेक वेळा ओहोटीला. त्यामुळे खाली जे लिहितोय ते त्या कड्याच्या ठेवणीवर बेतलेलं आहे. तुमचा कडा वेगळा असेल तर काही गोष्टी उलट्याही निघतील. तरी कशाला किती वजन द्यायचं याचा अंदाज यावा.

आधी शब्दांचं. किनाऱ्यापासून समुद्राकडे पसरलेलं उथळ रीफ, त्याला मी पठार म्हणतो. पठाराच्या समुद्राकडच्या टोकाला जो जरा उंच, लाटा झेलणारा भाग असतो तो माथा. माथ्यापलीकडे सरळ खाली गेलेला तो कडा. आणि पठार चिरत, माथ्याला खिंडार पाडत कड्यापर्यंत गेलेली ती घळ. डोंगरात भटकणाऱ्यांना ही नावं ओळखीची आहेत, पाण्याखालीही ती चपखल बसतात. आमच्या कड्यावर साधारण दिवशी फरक तीन मीटरचा. भरतीला माथ्यावर मीटर-सव्वामीटर पाणी असतं आणि घळीच्या तोंडाशी पाच. ओहोटीला माथा पूर्ण उघडा पडतो आणि घळीच्या तोंडाशी दोन मीटर उरतं. पुढचे सगळे हिशेब या आकड्यांवरचे आहेत.

हा प्रश्न सगळीकडे सारखा भेडसावत नाही. कॅरिबियनमधल्या बोनेर बेटावर किंवा भूमध्य समुद्रात बहुतेक ठिकाणी पाण्याची चढ-उतार इतकी थोडी असते की वारा आणि लाटा बघून उतरलं तरी भागतं. उलट टोकाला नॉर्वेतलं साल्टस्ट्राउमेन. तिथं ऐन जोरात पाणी वीसेक नॉटनं, म्हणजे तासाला साधारण सदतीस किलोमीटर वेगानं धावतं, त्यामुळे डाइव्ह स्लॅकच्या मिनिटांवरच बेतावी लागते. आपण बोलतोय ते मधल्या रीफबद्दल, जिथं निवड करायला वाव असतो आणि चुकलं तर निस्तरावंही लागतं.

बहुतेक जण भरती का सांगतात

कुणालाही विचारा, दहापैकी आठ जण भरती गाठायला सांगतील. त्यांचं म्हणणं चुकीचं नाही.

पहिलं कारण पाण्याचा नितळपणा. चढतं पाणी खुल्या समुद्रातून येतं, स्वच्छ असतं. उतरतं पाणी पठारावरची वाळू, गाळ, शेवाळाचे तुकडे घेऊन निघतं. जवळ खाडी असली तर तिचं गढूळ पाणीही त्यात मिसळतं. आमच्या कड्यावर एक मोठा सी-फॅन (पंख्यासारखं पसरणारं प्रवाळ) आहे, माणसाच्या हातांच्या पसाऱ्याएवढा. भरतीला घळीतून बाहेर पडून डावीकडे वळलं की तो लगेच दिसतो. ओहोटीच्या शेवटी तो दिसायला आणखी दहा-बारा फिन (पायात चढवलेल्या वल्ह्यांचे फटके) माराव्या लागतात. मी मोजपट्टी लावलेली नाही, हे मोजमाप पायांचंच आहे. वाइड अँगल फोटो काढणाऱ्याला एवढा फरक पुरेसा ठरतो, आणि तुम्ही त्यातले असाल तर मी वाद घालणार नाही.

दुसरं कारण चालणं. भरतीला पठारावर पाणी असतं. कमरेएवढ्या पाण्यात फिन चढवा, बीसीडीत (तरंगायला मदत करणाऱ्या जाकिटात) हवा भरा, पाठीवर पडा आणि घळीपर्यंत निवांत जा. सिलिंडरचा भार पाण्यावर. ओहोटीला तेच अंतर पायी कापायचं, तेही भिजलेल्या खडकावरून.

तिसरं कारण मला स्वतःला फार आवडायचं. डाइव्ह संपताना शरीरात मुरलेला नायट्रोजन निघून जावा म्हणून घ्यायचा पाच मीटरवरचा तीन मिनिटांचा थांबा भरतीला घळीच्या तोंडाशीच होतो. दोन्ही बाजूंना खडक, वर झिरपणारा उजेड, कपारींत लहान मासे. ती तीन मिनिटं डाइव्हचाच भाग वाटतात. ओहोटीला तोंडाशी पुरेशी खोली नसते. मग थांबा बाहेर कड्यालगत, हेलकावे खात, गेजकडे बघत करावा लागतो.

भरतीविरुद्ध एक कोरडा हिशेब मात्र आहे आणि तो फारसं कुणी मांडत नाही. कड्यावरची तीच कपार ओहोटीला 18 मीटरवर असेल तर भरतीला 21 वर असते. दाब 2.8 बारचा 3.1 बार होतो, म्हणजे त्याच जागी हवा साधारण एक दशांश जास्त लागते. वेळेचा फरक त्याहून मोठा. पॅडी या डाइव्ह शिकवणाऱ्या संस्थेच्या मेट्रिक टेबलात 18 मीटरला जास्तीत जास्त 56 मिनिटं मिळतात. 21 ला पुढचा, म्हणजे 22 चा रकाना बघावा लागतो आणि तिथं 37 च मिनिटं आहेत. मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर इतका कठोर नसतो, पण तोही त्याच दिशेनं कमी करत जातो. जे बघायला जाताय ते वीस मीटरच्या आसपास असेल तर हे लक्षात घ्या. दहा-बारा मीटरवर रमणारे असाल तर सोडून द्या.

ओहोटीचं चालणं

ओहोटीबद्दल जी तक्रार होते ती चालण्याची, आणि ती खरी आहे. आमचं पठार दीडशे मीटरचं आहे. सिलिंडर, खाली जायला लागणारं शिसं, बीसीडी मिळून अंगावर वीसेक किलो, हातात फिन, आणि पायाखाली शेवाळानं बुळबुळीत झालेला खडक. हे दीडशे मीटर चालायला मला बारा मिनिटं लागतात. तेवढंच अंतर भरतीला तरंगत पाच-सहा मिनिटांत जातं.

जाड तळव्याचे बूट हवेत. पातळ मोज्यासारख्या बुटांतून सी-अर्चिनचे (काटेरी गोळ्यासारख्या समुद्री प्राण्याचे) काटे सहज आत जातात. डबक्यांत आणि वाळूत पाय उचलून टाकायचा नाही, घासत सरकवायचा. म्हणजे वाळूत दबलेली पाकट आधीच निघून जाते. स्टोनफिश या विषारी काट्यांच्या माशाला मात्र या युक्तीचा फरक पडत नाही, तो जागचा हलत नाही. खडकासारखा दिसतो आणि खडकासारखाच बसून राहतो. म्हणून जिथं तळ दिसत नाही तिथं पाऊल टाकायचं नाही, आणि तोल गेला तर टेकायला हात पुढे करायचा नाही. काटा घुसलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा आणि तडक दवाखाना गाठायचा. गरम पाण्याचा थर्मास मी सामानात ठेवतो. आजवर लागलेला नाही.

पण या सगळ्यापेक्षा मोठा मुद्दा प्रवाळांचा. आमच्या पठारावर वाळूचा आणि मेलेल्या खडकाचा एक पट्टा सलग घळीपर्यंत जातो, त्या पट्ट्यावरूनच आम्ही चालतो. तुमच्या पठारावर असा पट्टा नसेल आणि घळीपर्यंत जायला जिवंत प्रवाळ तुडवावे लागणार असतील, तर ओहोटीचा विचार तिथंच सोडा आणि भरतीला तरंगत जा. प्रवाळाची एक फांदी वाढायला वर्षं जातात आणि बुटाखाली ती एका क्षणात मोडते. इथं मी तडजोड करत नाही.

एवढं सगळं भरतीच्या पारड्यात टाकूनही मी ओहोटीकडे का वळलो, त्याचं कारण घळ.

घळीचं पाणी

पावसात कौलारू छपरावरचं पाणी सगळीकडून सारखं पडत नाही. ते पन्हळीत जमतं आणि तिथून धारेनं कोसळतं. पठाराचं तसंच आहे. पठारावर चढलेलं पाणी परत निघालं की माथा त्याला अडवतो आणि घळ वाट देते. जसजसं पाणी उतरतं तसा माथ्यावरचा थर पातळ होत जातो आणि घळीवरचा भार वाढत जातो. म्हणजे भरतीच्या स्लॅकनंतर जी ओढ सुरू होते ती नेमकी त्या जागी एकवटते जिथून मला आत यायचं असतं. कड्यालगत पाणी अजून शांत असतं, आणि तोवर घळ वाहू लागलेली असते.

हे मी पुस्तकातून वाचलं होतं. कळलं मात्र एका सकाळी.

त्या दिवशी भरती 11:10 ला होती. आम्ही 10:50 ला पाण्यात शिरलो आणि 11:40 ला घळीच्या तोंडाशी परत यायचं ठरवलं. कड्यावर माझ्या जोडीदाराला प्रवाळाच्या फांद्यांमध्ये अंडी लावणारी कटलफिश (माकूळ) दिसली. ती एकेक अंडं बाहूंमध्ये धरून फांद्यांच्या आत खोल नेऊन चिकटवत होती, मागे सरून रंग बदलत होती, पुन्हा पुढे जात होती. आम्ही हललो नाही. घळीशी पोचलो तेव्हा 12:05 झाले होते. माझ्या सिलिंडरमध्ये 80 बार हवा उरली होती. किनारा इतका जवळ असताना ही हवा कुणालाही पुरेशी वाटेल.

तोंडाशी पहिली गोष्ट दिसली ती शेवाळ. घळीच्या भिंतींवरची शेवाळाची लांब पाती एरवी डोलत असतात. ती सगळी समुद्राच्या दिशेनं आडवी झाली होती, विंचरल्यासारखी. तळावरची बारीक वाळू धुरासारखी सरकत बाहेर चालली होती. आम्ही आत वळलो आणि जोरात पाय मारायला लागलो. माझ्या डाव्या हाताला एक केशरी स्पंज होता. पाच मिनिटांनी बघितलं तरी तो तिथंच, मास्कच्या शेजारी. गेज 45 वर आलं होतं.

तेव्हा जोडीदारानं तळाकडे बोट केलं. आम्ही पोट जवळजवळ तळाला लागेल इतके खाली गेलो, पाय थांबवले आणि उघड्या खडकाला धरत, एक हात मग दुसरा, असे ओढत पुढे निघालो. तळाशी पाणी खडकाला घासून मंदावतं, तेवढाच आधार. तीस मीटर जायला अकरा मिनिटं लागली. उभं राहता येईल अशा जागी डोकं वर काढलं तेव्हा 20 बार उरले होते. आता विचार करतो तेव्हा वाटतं, 45 बारला आत शिरण्याचा हट्ट सोडून बाहेर खुल्या पाण्यात वर येणं, बीसीडी फुगवणं आणि बॉय (आपली जागा दाखवणारा तरंगता फुगा) दाखवत थांबणं हे जास्त शहाणपणाचं होतं. किनारा समोर दिसत असताना ते सुचत नाही.

एक नॉट म्हणजे मिनिटाला सुमारे 31 मीटर. सगळ्या सामानासह तेवढ्या वेगानं माणूस काही मिनिटं जाऊ शकतो, टिकून नाही. शिवाय प्रवाह दुप्पट झाला की अंगावरचा जोर चौपट होतो. त्यामुळे अर्ध्या नॉटचं पाणी सोसवतं म्हणून एक नॉटचंही सोसवेल, हा हिशेब चालत नाही.

उशीर आमचा होता हे मान्य. पण पुढच्या काही महिन्यांत मी वेळेवर परतूनही घळ वाहती मिळाली. एकदा तर तक्त्यातल्या भरतीच्या वेळेलाच. तेव्हा खरं कारण उमगलं आणि त्यानंच माझा निर्णय केला. भरतीला माथ्यावर मीटरभर पाणी असतं आणि बाहेर जरा उसळ असली की लाटा माथ्यावर फुटतात. फुटलेल्या लाटेचं पाणी पठारावर येऊन पडतं. ते परत जायला वाट शोधतं आणि घळीतून बाहेर पडतं. तक्ता म्हणतो पाणी थांबलंय, समुद्राची पातळी खरोखरच थांबलेली असते, तरी लाटा माथ्यावरून पाणी आत ओतत राहतात आणि घळ वाहत राहते. हे चंद्रावर अवलंबून नाही, त्या दिवशीच्या लाटांवर आहे. तक्त्यात ते सापडणार नाही आणि किनाऱ्यावर उभं राहून त्याचा नीट अंदाजही येत नाही.

भरतीच्या डाइव्हमधली मला सलणारी गोष्ट हीच. कड्यावर समोर बाराकुडा माशांचा थवा फिरत असताना माझं अर्धं लक्ष मागे घळीत असायचं. आज ती कशी असेल? वेळेत वळलो तरी घळ मोकळी मिळेल याची खात्री नसायची.

ओहोटीला माथा कोरडा असतो. लाटा माथ्याच्या बाहेरच्या अंगावर फुटतात आणि तिथूनच मागे फिरतात, पठारावर पाणी चढत नाही. घळ फक्त भरती-ओहोटीचं ऐकते. उतरतं पाणी आम्हाला घळीतून बाहेर नेतं, चढतं पाणी त्याच घळीतून आत आणतं. माथा उघडा असल्यानं चढत्या पाण्यालाही आत यायला सुरुवातीला घळच असते, त्यामुळे जी ओढ भरतीनंतर माझ्या विरुद्ध होती तीच ओहोटीनंतर माझ्या बाजूनं येते. उशीर झाला तर ती वाढते आणि मदतच करते. शिवाय तोंडापासून आत गेलं की घळीत छातीएवढं पाणी असतं. पाय टेकून उभं राहता येतं, तोंडातला रेग्युलेटर काढून जोडीदाराशी बोलता येतं. पाच मीटर खोल घळीत यातलं काहीच नसतं.

ओहोटीचे तोटे, लपवून ठेवण्यासारखे नाहीत

ओहोटीची वेळ झाली म्हणून घळीतलं पाणी त्याच मिनिटाला थांबत नाही. पठारावर डबक्यांत, खोलगट भागांत अडलेलं पाणी सावकाश पाझरत राहतं. ऑस्ट्रेलियाच्या वायव्येकडचं माँटगोमेरी रीफ यासाठीच प्रसिद्ध आहे. तिथं फरक दहा मीटरच्या घरात जातो, समुद्र खाली उतरतो आणि रीफवरचं पाणी कडांवरून धबधब्यासारखं कोसळत राहतं. आपल्या मापाच्या रीफवर हे लहान प्रमाणात होतं. माझ्या वहीत घळीतलं पाणी थांबल्याच्या ज्या नोंदी आहेत त्या तक्त्यातल्या ओहोटीनंतर 25 ते 45 मिनिटांच्या आहेत. म्हणून मी ओहोटीच्या साधारण वीस मिनिटं आधी शिरतो आणि ओहोटीनंतर अर्धा-पाऊण तास उलटून गेल्याशिवाय परतत नाही. लवकर परतलो तर मंद का होईना, पाणी समोरून येतं.

त्याच्याही आधी शिरायचा मोह टाळा. ओहोटी जोरात असताना घळीच्या तोंडातून निघालेलं पाणी कड्यावरून खालीही ओढतं. आपले बुडबुडे वर न जाता बाजूला किंवा खाली जाताना दिसले तर कड्यापासून दूर, निळ्या पाण्याकडे निघायचं आणि ओढ सुटल्यावरच वर यायचं. अशा वेळी भिंतीलगत वर चढायची झटापट हवा खाते.

गढूळपणाला थोडा उपाय आहे. गाळ घळीच्या तोंडाशी ढगासारखा जमतो, पण कड्यालगत वीस-तीस मीटर बाजूला गेलं की बऱ्यापैकी निवळ पाणी मिळतं, आणि परतायच्या वेळेपर्यंत समुद्राचं पाणी आत वळू लागलेलं असल्यानं तोंडही निवळतं. भरतीइतकं नितळ मात्र कधीच होत नाही.

लाटांपुढे ओहोटी हरते. बाहेर मीटरभराची उसळ असेल तर भरतीला घळ वाहते, पण ओहोटीला ती खदखदते: प्रत्येक लाट घळीत घुसते, माणसाला उचलते आणि दोन मीटर पाण्यात खडकावर आपटू शकते. अशा दिवशी मी दोन्ही स्लॅक सोडतो. किनाऱ्यावर बसून दहा-पंधरा मिनिटं लाटा मोजायच्या, मोठ्या लाटांचा घोळका किती वेळानं येतो ते बघायचं. पठारावर मांडीएवढं उसळतं पाणी दिसलं तर सामान तसंच गाडीत.

मग भरतीच्या आधीच उतरून स्लॅकच्या आत परत का येऊ नये, असं तुम्ही विचाराल. मी ते करून पाहिलंय. परतताना पाणी खरोखर पाठीशी असतं. पण जाताना चढतं पाणी समोरून येतं, सुरुवातीलाच दम लागतो आणि वीस-तीस बार जातात. लाटांच्या ओतण्याचा प्रश्नही सुटत नाही. समुद्र अगदी तेलासारखा सपाट असेल तर मात्र ही योजना चांगली आहे, कदाचित सगळ्यांत चांगली. असे दिवस मला वर्षातून मोजके मिळाले.

दिवस आणि तक्ता

कोणताही स्लॅक धरा, उधाण आणि भांग यांतला फरक त्याहून मोठा ठरू शकतो. अमावास्या-पौर्णिमेच्या एक-दोन दिवसांनंतर उधाण सर्वांत जोरात असतं: फरक मोठा, प्रवाह जोरदार, स्लॅक आखूड. उधाणाच्या ओहोटीला पठार दूरवर उघडं पडतं आणि चालणं वाढतं. अष्टमीच्या आसपास भांग. तेव्हा पाणी आळशी असतं, स्लॅक लांबतो आणि चूक झाली तर सावरायला वेळ मिळतो. नव्या कड्यावर पहिली डाइव्ह मी भांगातच करतो.

इथं एक बारीक गोष्ट आहे जी माझ्या पसंतीच्या विरुद्धही जाऊ शकते. भरती-ओहोटी रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, आणि जिथं दिवसातून दोन भरत्या येतात तिथं भांगाची ओहोटी दर पंधरवड्याला जवळपास त्याच घटकेला येते. आमच्याकडे ती सकाळी येते, वारा उठायच्या आत. तुमच्या किनाऱ्यावर ती भर दुपारी, वारा सुटलेला असताना किंवा अंधारात येत असेल तर माझा सगळा युक्तिवाद लंगडा पडतो. दोन महिन्यांचा तक्ता समोर ठेवून आधी एवढं बघून घ्या.

तक्ता वाचताना घाई नको. वेळ कोणत्या घड्याळाची आहे आणि तक्ता कोणत्या बंदराचा आहे हे बघावं. रीफ बंदरापासून लांब असेल तर वेळ सरकते. काही किनाऱ्यांवर दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात, एकीला माथा उघडा पडतो आणि दुसरीला पडतच नाही. हवेचा दाब उतरला की पातळी थोडी वर राहते, एक हेक्टोपास्कलला साधारण एक सेंटिमीटर. आणि सर्वांत महत्त्वाचं, तक्ता पाण्याची उंची सांगतो, प्रवाह सांगत नाही. खुल्या किनाऱ्यावर काही ठिकाणी ऐन भरतीलाच प्रवाह जोरात असतो. बारांशाचा नियम (पहिल्या तासाला एक बारांश, मग दोन, तीन, तीन, दोन, एक) उंचीचा अंदाज देतो: तीन मीटरच्या फरकात पहिल्या तासात 25 सेंटिमीटर, तिसऱ्या-चौथ्यात 75. घळ कधी वाहील ते त्यातून कळत नाही. त्यासाठी सामान न घेता एकदा जा, पठाराच्या कडेला दोन तास बसा आणि घळीतल्या शेवाळाकडे बघत राहा. पाती कधी झुकतात, कधी उभी राहतात, कधी उलटी वळतात, ते घड्याळासह लिहून ठेवा. मी असे सहा दिवस बसलो. माझ्या निवडीचा खरा आधार त्या सहा दिवसांच्या नोंदी आहेत.

तर मग

पठारावरून चालायला स्वच्छ पट्टा असेल, गुडघे साथ देत असतील आणि खोलीत जास्त वेळ हवा असेल तर ओहोटी एकदा तरी करून बघा, असं मी सुचवेन. फोटोसाठी नितळ पाणी हवं असेल, पठार जिवंत प्रवाळांनी भरलेलं असेल, किंवा पाठीवर सिलिंडर घेऊन दीडशे मीटर चालणं झेपणारं नसेल तर भरतीच बरी, त्यात काही कमीपणा नाही. पहिल्यांदाच किनाऱ्यावरून उतरणाऱ्याला मी अजूनही भांगातली, सपाट समुद्रातली भरती सांगतो, कारण चालताना पाय घसरण्याची भीती त्याला पुढच्या डाइव्हपासून तोडू शकते.

भरती निवडलीत तर दोन गोष्टी कराव्यात असं वाटतं. स्लॅकच्या पन्नासेक मिनिटं आधी शिरा, म्हणजे घळीच्या तोंडाशी परतायची वेळ भरतीच्या वेळेवर येईल, तिच्यानंतर नाही. आणि परतायचं गेजवर ठेवू नका, घड्याळावर ठेवा. गेजवर 120 बार दिसत असले तरी वेळ झाली की वळा. जाताना तोंडाशी थांबून शेवाळाची पाती कुठं झुकलीत ते बघून घ्या. परत आल्यावर ती समुद्राकडे आडवी दिसली तर आत शिरून पाय मारत बसू नका. तेव्हा हाताशी 80 बार असतील तर त्यातले साठ बाहेर, खुल्या पाण्यात सावकाश वर येण्यासाठी आणि बॉय फुगवण्यासाठी राखून ठेवा.